मोळीतलं सोनं

"ही दोघं कशावरनं भांडत्यात?" आईनं कॉटवरून विचारलं.

मला वाटलं होतं ती झोपलीय. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. दुपारची गोळी घेतली की तिला तासभर डोळा लागायचा आणि तेवढ्या वेळात मी टीव्हीचा आवाज बारीक करून काहीतरी बघत बसायचो. त्या दिवशी लावला होता जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'द हिडन फोर्ट्रेस'. कॉलेजात असताना एकदा, नंतर डीव्हीडीवर एकदा, असा दोनदा बघितलेला. तिसऱ्यांदा बघायला तसं काही कारण नव्हतं. घरात आजारी माणूस असलं की आपण ओळखीचं काहीतरी बघतो, तेवढंच.

पडद्यावर उजाड माळ. दोन फाटकी माणसं पाठमोरी चाललीयत, कॅमेरा त्यांच्या मागून चाललाय आणि दोघंही एकमेकांवर खेकसतायत. तुझ्या अंगाला मढ्याचा वास येतो, म्हणून. एक ताहेई, दुसरा माताशिची. मी आईला सांगितलं, हे दोघं शेतकरी. नशीब काढायला म्हणून लढाईला निघाले, पण पोचायला उशीर झाला. वर हरलेल्या बाजूचे शिपाई समजून त्यांनाच पकडलं आणि मढी पुरायला लावलं.

"मग भांडणारच," आई म्हणाली आणि उशी उंच करून घेतली.

तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे खालची अक्षरं तिच्या उपयोगाची नव्हती. पुढचे सव्वादोन तास मी दुभाष्या झालो. भाषांतर करता करता मीही सिनेमा निराळाच बघितला, आणि त्यात आईचा हात मोठा.

आधी सिनेमाबद्दल थोडं. १९५८ च्या डिसेंबरात तो जपानमध्ये लागला. काळ सेनगोकु, म्हणजे घरोघरच्या सरदारांनी एकमेकांच्या गढ्या जाळायचा; पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्याच्या अखेरपर्यंत हे चालू होतं. गोष्ट मात्र पूर्ण कल्पित. अकिझुकी घराणं यामानांकडून हरलंय. त्यांची सोळा वर्षांची राजकन्या युकी आणि सेनापती रोकुरोता माकाबे डोंगरातल्या एका लपलेल्या गढीत आहेत. घराण्याचं सोनं सरपणाच्या लाकडांत, आतून पोकळ करून, दडवलंय. ते सोनं आणि ती मुलगी शेजारच्या मित्रराज्यात, हायाकावांकडे पोचवायची. सरळ हद्दीवर कडक पहारा, म्हणून वाट धरायची ती शत्रूच्याच मुलखातून. लाकडं उचलायला माणसं हवीत, आणि नेमके हे दोन हावरट गडी सापडतात.

आईला ही घराणी काही लक्षात राहीनात. शेवटी मी म्हटलं, अकिझुकी म्हणजे शरदातला चंद्र, सोन्याच्या कांड्यांवर चंद्रकोरच असते त्यांची. "म्हणजे कोजागिरीवाले," ती म्हणाली. मग शेवटपर्यंत ते कोजागिरीवालेच राहिले. यामाना हे 'ते दुसरे'.

सोनं सापडायचा प्रसंग मला पहिल्यापासून आवडतो. ताहेई-माताशिची नदीकाठी भात शिजवतायत आणि चुलीतलं एक लाकूड काही केल्या पेटत नाही. चिडून ते फेकून दिलं जातं, खडकावर आपटतं आणि आतली कांडी बाहेर पडते. पण आई त्याच्या आधीच सावध झाली होती. "वाळलेलं तर दिसतंय. मग पेटत कसं न्हाई? कायतरी भानगड हाय त्या लाकडात." मी दोनदा बघूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. मला सोनं निघणार हे ठाऊक होतं, पण वाळलेलं लाकूड पेटायला पाहिजे हे माझ्या अंगात नाही. मी गॅसवर वाढलेला माणूस.

आई मात्र लाकडांवर वाढली. लग्नाआधी आणि लग्नानंतरही पाच-सहा वर्षं ती डोंगरातून मोळ्या आणायची. निम्म्या घरच्या चुलीला, निम्म्या विकायला. कुठलं लाकूड धूर करतं, कुठलं तडतडतं, कुठलं नुसतंच जळून जातं आणि विस्तव मागं ठेवत नाही, हे तिला हातात घेतल्यावर कळतं. त्यामुळे पुढं सेनापती आणि हे दोघं पाठीवर सरपण बांधून निघाले तेव्हा ती उठूनच बसली.

"डोक्यावर का घेत न्हाईत?"

तिकडं पाठीवर लाकडी चौकट बांधून त्यावर ओझं लादायची पद्धत, मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. पाठीवरचं ओझं मागं ओढतं, चढाला माणूस उताणा पडायचा; डोक्यावर चुंबळ असली की भार सरळ टाचेत उतरतो. मग थोडं बघून स्वतःच म्हणाली, "पण दोन्ही हात मोकळे ऱ्हात्यात. पोरं घेता येतील."

मी मोबाइलवर हिशेब मांडला. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड. तळहातावर मावेल एवढी कांडी धरली तरी अर्धा किलो सहज भरेल. मोळीत अशी तीस लाकडं असली तर पंधरा किलो सोनं, वर लाकडाचं वजन वेगळं. आई म्हणाली, पंधरा किलो जास्तीचे काही फार नाहीत, ओल्या मोळीत तेवढं पाणीच असतं. पावसात भिजलेली मोळी आणल्यावर मान दोन दिवस वळायची नाही. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, जो फिल्म सोसायटीतल्या कुठल्याच चर्चेत मी ऐकला नव्हता.

"ह्यांची मजुरी काय ठरली?"

मी आठवून बघितलं. वाटा मिळेल असं गाजर आहे. पण ठरलं असं काहीच नाही.

कॉलेजात पहिल्यांदा बघितला तेव्हा मी या दोघांवर पोट धरून हसलो होतो. सगळं सभागृहच हसत होतं. झिजलेली प्रिंट, पडद्याच्या मधोमध एक उभा ओरखडा, आणि आकाश पांढरं असेल तिथं पांढरी अक्षरं गायब. तरी ताहेई-माताशिची कळत होते. सोनं दिसलं की मिठी, वाटणी आली की गुद्दागुद्दी, संकट आलं की रडारड. नंतर डीव्हीडीवर बघितला तेव्हा मी वाचनबिचन केलेलं होतं आणि मला रागच आला. कुरोसावाचं वडिलांकडचं घराणं जुनं सामुराई. म्हणजे सरदाराच्या घरातल्यानं कुळांची टवाळी करावी तसलं हे, असं मी एका मित्राला मोठ्या तावातावानं लिहिलंही होतं. तो मित्र अजून मला त्यावरून चिडवतो.

वास्तविक हे दोन नट कोण, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. ताहेई झालेला मिनोरू चिआकी आणि माताशिची झालेला कामातारी फुजिवारा, दोघंही चार वर्षांपूर्वीच्या 'सेव्हन सामुराई'मध्ये होते. तिथं फुजिवारा होता शेतकरी, सामुराईंच्या भीतीनं पोटच्या पोरीचे केस कापणारा. आणि चिआकी सात सामुराईंपैकी एक. तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय करत असतो? खाल्लेल्या जेवणाचे पैसे फेडायला लाकडं फोडत असतो. सामुराई असून लाकडं फोडणारा नट इथं शेतकरी होऊन लाकडं वाहतोय. हे कुरोसावानं मुद्दाम केलं की नाही कोण जाणे. मला आपली गंमत वाटते.

आई त्या दोघांना हसली नाही. तिला त्यांचा रागही आला नाही. पाटलाच्या दोन गड्यांबद्दल बोलावं तसं ती त्यांच्याबद्दल बोलत होती. हा आळशी आहे, तो दुसरा लबाड, पण दोघांपैकी एकट्याला वाट सापडायची नाही.

सिनेमाची लिखाई चौघांनी मिळून केलेली. कुरोसावा रोज एक कोंडी मांडायचा, यातून ही माणसं सुटूच शकत नाहीत अशी, आणि र्‍यूझो किकुशिमा, हिदेओ ओगुनी, शिनोबू हाशिमोतो या तिघांनी सुटका शोधायची. ते पडद्यावर दिसतं. नाक्यावरचा प्रसंग बघा. पहारेकरी सरपण तपासणार, आता संपलं. तर रोकुरोता स्वतःच सोन्याचं एक लाकूड पुढं करतो, हे मला सापडलंय, माझं बक्षीस टाका, म्हणून भांडायला लागतो. पहारेकऱ्यांची तारांबळ उडते आणि या वैताग माणसाला ते अक्षरशः हाकलून देतात, पलीकडे.

आई इतकी हसली की मला गुडघ्याची काळजी वाटली. जंगलातून खाली उतरताना एक नाका लागायचा, ती म्हणाली. वाळकं न्यायला हरकत नव्हती, पण मोळीच्या पोटात एखादं ओलं, चांगलं लाकूड घातलेलं असायचं. मग नाक्याच्या पन्नास पावलं आधी बायकांनी आपसात कडाक्याचं भांडण काढायचं. शिव्या, आई-बाप, सगळं. नाक्यावरचा शिपाई कानाला हात लावून म्हणायचा, जा बायांनो, जा एकदाच्या. "कुरोसावाला कुणी सांगितलं असंल?" असं काही ती म्हणाली नाही, तिला कुरोसावा कोण हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "ह्यो मिशीवाला डोकंबाज हाय."

मिशीवाला म्हणजे तोशिरो मिफुने. सिनेमातला सगळ्यात गाजलेला भाग त्याचाच. घोड्यावर लगाम सोडून, दोन्ही हातांनी तलवार खांद्याशी उभी धरून तो शत्रूच्या स्वारांमागं सुटतो, नुसत्या मांड्यांच्या पकडीवर, आणि त्या वेगात थेट शत्रूच्या छावणीत शिरतो. तिथं जुना प्रतिस्पर्धी तादोकोरो ह्योए बसलेला. मग भाल्यांचं द्वंद्व. दोघं फिरतायत, भोवतीचं शिपायांचं कडं आत-बाहेर होतंय, कनाती फाटतायत, आणि बराच वेळ कुणी वारच करत नाही. कुरोसावाचा हा रुंद पडद्यावरचा पहिलाच सिनेमा, पण एवढ्या जागेचं काय करायचं हे त्याला आधीपासून माहीत असल्यासारखं वाटतं. सिनेमावर पुस्तकं लिहिणारी माणसं या दृश्यावर पानंच्या पानं खर्च करतात. आईनं ते चालू असताना फिजिओथेरपीवालीनं सांगितलेले व्यायाम उरकून घेतले. टाच ओढ, दहा मोज, सोड. "कधी मारणार?" तिनं मधेच विचारलं. मारत नाही, मी म्हटलं. ह्योए हरतो, डोकं पुढं करतो, आणि रोकुरोता त्याला तसाच सोडून निघून जातो. "बरं झालं," म्हणून तिनं दुसरा पाय घेतला.

तिचं लक्ष त्या मुलीवर होतं. युकीचं काम करणारी मिसा उएहारा पडद्यावर पहिल्यांदाच आलेली. मोजक्या सिनेमांनंतर तिनं हे क्षेत्र सोडलंही. हातात काठी, पाय फाकवून उभं राहायची पद्धत, भुवया चढवलेल्या. बोलली तर राजघराण्यातली हे कळेल म्हणून सेनापती तिला मुकी व्हायला सांगतो. आईला फार बरं वाटलं. "चला, हिचं तरी तुला सांगाय नको."

पण त्याआधी एक जागा आहे, तिथं मला सांगावं लागलं. राजकन्या समजून शत्रूनं एका मुलीचा शिरच्छेद केलाय. ती असते कोफुयु, रोकुरोताची सख्खी बहीण. युकीच्या जागी त्यानंच तिला दिली. स्वामिनिष्ठा म्हणून गढीतली म्हातारी माणसं मान खाली घालतात, आणि युकी भडकते. कोफुयु सोळा वर्षांची होती, मीही सोळाचीच, तिच्या जिवात आणि माझ्या जिवात फरक तो काय? आणि मग बाहेर जाऊन, कुणी बघत नाही अशा जागी, एकटी रडते.

"शिवा काशीद," आई म्हणाली.

मराठी माणसाला दुसरं काही आठवणारच नाही. पन्हाळ्याचा वेढा, १६६०, महाराजांच्या वेषात पालखीत बसून गेलेला शिवा काशीद. पन्हाळ्याच्या पायथ्याशी त्याची समाधी आहे, आमच्या शाळेची सहल तिथं थांबली होती. आपण त्या गोष्टीत त्याग बघतो, आणि तो आहेच. कुरोसावाच्या गोष्टीत मात्र ज्याच्यासाठी जीव गेला ते माणूसच हिशेब मागायला उभं राहतं. भालजी पेंढारकरांचे इतिहासपट बघत मोठा झालेला मी, असला राग मला ओळखीचा नव्हता. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या भावाला कुणी विचारलं का?"

कुणी नाही विचारलं. रोकुरोता बहिणीसाठी एकदाही रडत नाही. मिफुनेच्या चेहऱ्यावर तो भार आहे की नाही हे तुम्ही कुठून बघता त्यावर आहे. जपानी शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'लपलेल्या गढीतले तीन बदमाश'. इंग्रजीत जाताना ते बदमाश गळाले आणि नुसती गढी उरली. दोन बदमाश तर समोर आहेत. तिसरा, सरळ मोजलं तर, हा सेनापतीच. हावेचा लगाम करून दोन माणसांना गाढवासारखं हाकणारा.

आणि ते दोघंही काही गरीब गाय नाहीत. एका मुक्कामी झोपलेल्या युकीकडे बघून त्यांच्या मनात जे येतं ते बघताना मी आईसमोर अवघडलो. रिमोट हातात घेतला. तिनं मान हलवून चालू ठेवायला सांगितलं. तिथं युकीला वाचवायला उभी राहते ती तिच्याच मुलखातली एक मुलगी, खानावळवाल्याला विकली गेलेली. युकीनंच हट्ट धरून तिला सोडवायला लावलेलं असतं, सेनापतीच्या मनाविरुद्ध. आई त्या खानावळीच्या प्रसंगापासून त्या मुलीकडेच बघत होती. लाकडं तीही उचलत होती आणि तिनं तर वाटाही मागितला नव्हता.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'चं मूळ इथं आहे हे आता शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मोठ्यांची लढाई दोन क्षुल्लक, कुरकुऱ्या पात्रांच्या नजरेतून सांगायची, ही युक्ती जॉर्ज लुकासनं इथून उचलली आणि तसं उघड कबूलही केलं. तिथं ती पात्रं यंत्रं झाली. यंत्रांना भूक लागत नाही, त्यामुळे तो सिनेमा बराच सुखाचा आहे. असो.

बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात १९५९ मध्ये कुरोसावाला दिग्दर्शनाचं 'रौप्य अस्वल' हे पारितोषिक मिळालं. पण फुजीच्या उतारावरच्या हवामानानं चित्रीकरण रखडलं होतं, खर्च फुगला होता. त्याच वर्षी हा सिनेमा काढणाऱ्या तोहो कंपनीबरोबर त्याची स्वतःची निर्मितीसंस्था उभी राहिली, म्हणजे तोट्यातही भागीदारी. मजुरी ठरवून घेणं मोठ्या माणसांनाही चुकत नाही.

सिनेमा मला सगळ्यात जास्त आवडतो तो अग्नीच्या उत्सवात. रस्त्यानं शेकडो माणसं सरपण घेऊन चाललीयत, मोठा जाळ करून रात्रभर नाचायला. आपल्या गाड्यावरही सरपणच, आणि मागं शत्रूचा पहारा. मग करायचं काय? गाडाच्या गाडा जाळात ढकलायचा आणि नाचायचं. ताहेई-माताशिचीचे चेहरे तिथं बघावेत. ढोल वाजतायत, सगळे बेभान, आणि या दोघांचे पाय नाचतायत पण मुंडी जाळाकडे वळलेली. युकी मात्र मनापासून नाचते. आयुष्यात पहिल्यांदा ती गर्दीतली एक झालेली असते. माणसाचा जन्म जाळून टाका, किड्याचा जन्म आगीत टाका, जग हे स्वप्न, अशा अर्थाचं गाणं आहे. दुसऱ्या दिवशी राखेतून कांड्या उकरायच्या, अंगावर घेता येतील तेवढ्या.

"होळीत टाकलेलं कुणी काढतं व्हय?" आई म्हणाली. मग आठवून, "आमची लाकडं पोरं होळीला चोरायची. रात्री मोळी आवळून दारात ठेवली की सकाळी निम्मी." तिला अजून त्याचा राग होता.

पुढं युकी, रोकुरोता आणि ती सोडवलेली मुलगी पकडली जातात. ह्योए येतो, चेहऱ्यावर मोठा व्रण. रोकुरोताला जिवंत जाऊ दिलं म्हणून त्याच्या धन्यानं दिलेला. मरण समोर असताना युकी सांगते की हे दिवस फार चांगले गेले, माणसं जशी असतात तशी बघायला मिळाली. आणि तेच गाणं म्हणते. सकाळी ह्योए तेच गाणं गुणगुणत येतो, पहाऱ्यावर उलटतो, सोनं लादलेले घोडे हद्दीपलीकडे पिटाळतो आणि सगळ्यांना सोडवून त्यांच्याबरोबरच निघतो. मी भाषांतर करत होतो आणि माझा आवाज जरा बसला होता. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

आणि मग शेवट. घोडे आयतेच हाती लागलेले ताहेई-माताशिची हायाकावांच्या शिपायांच्या तावडीत सापडतात, आता मान जाणार म्हणून थरथरत किल्ल्यात आणले जातात. समोर राजवस्त्रांतली युकी, चिलखतातला रोकुरोता. त्या दोघांना पत्ताच नव्हता की आपण कुणाबरोबर चाललो होतो. बक्षीस म्हणून सोन्याचा एकच मोठा पत्रा त्यांच्या हातात ठेवला जातो. भांडू नका, वाटून घ्या.

"दोघांत एक," आई म्हणाली. आणि बराच वेळ हसत राहिली, आतल्या आत, पोट हलत होतं नुसतं.

तालुक्याच्या गावी एक वखारवाला होता. मोळीला आठ आणे. आई आणि शेजारची तिची मैत्रीण पहाटे निघून दोन मोळ्या घेऊन जायच्या, आणि तो दोघींत मिळून एक रुपयाची नोट द्यायचा. सुट्टे नाहीत, म्हणायचा. रोजच नाहीत. दुकानदार नुसती मोड देत नसे, काहीतरी घ्यावं लागे, मग कुणाला गूळ हवा असायचा, कुणाला घासलेट. नोट कुणाच्या कनवटीला राहायची यावरून ज्या भांडणाला वखारीच्या दारात सुरुवात व्हायची ते नदी ओलांडेपर्यंत चालायचं. एकदा तर नदीतच ती नोट भिजली. चुलीपुढं वाळत घातली, आणि ती वाळेपर्यंत दोघी तिच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.

"रोज भांडायचा तुम्ही?"

"रोज. आणि दुसऱ्या दिवशी पहाटं तीच हाक मारायची."

पडद्यावर ताहेई आणि माताशिची किल्ल्याच्या पायऱ्या उतरत होते. तू ठेव, एक म्हणत होता. नको, तूच ठेव, दुसरा. आईला हे सांगितलं. तिनं हात नाचवला.

"आत्ता म्हणत्यात. गाव येऊ दे."